६४१ च का?

प्रिय बाळा,

रविवारी तू जिना उतरून गेलीस आणि मला रात्री झोप लागली नाही. "सर, ४२९४९६७२९७ चे अवयव फोन सेकंदात सांगून राहिला, मग मी गणितात एमएस्सी करून काय करू?" तेव्हा मी चिडलो. अजून चिडलेलाच आहे, पण तुझ्यावर नाही.

फोनने तुला ६४१ आणि ६७००४१७ दिले. बरोबर दिले. पण ६४१ च का, हे तू विचारलं नाहीस. हाताने करून बघ, बेटा.

तुझी ४२९४९६७२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ही मूळ संख्या असणार, असं फर्मा या फ्रेंच गणित्याला १६४० च्या सुमारास वाटलं होतं. ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ घेतले की येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ तशा निघाल्याच होत्या. यूलर या स्विस गणित्याने १७३२ मध्ये ही पुढची फोडली. पंचवीस वर्षं मी एवढंच फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. यूलर २, ३, ५ करत एकशे सोळाव्या मूळ संख्येपर्यंत गेला असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "सर, ६४१ सापडलं कसं?" मी म्हणालो, "पोर्शनमध्ये नाही." वर्गात ऐंशी मुलं, परीक्षा तोंडावर, दुसऱ्या कुणी तरी काय केलं असतं? तो पोरगा पुन्हा कधी उठला नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश, धरमपेठेतल्या खोलीत कूलरसमोर कागद घेऊन बसलो. एखाद्या मूळ संख्येने ४२९४९६७२९७ ला भाग जात असेल, तर तिने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते. मग ६४ व्या घाताची १, आणि त्याआधी कुठेच १ नाही. फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं, त्या मूळ संख्येतून १ वजा करून येणारा घात २ ला दिला तरी बाकी १ च येते. म्हणजे त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ६४ ने भाग गेलाच पाहिजे. ६४१ पर्यंत अशा मूळ संख्या किती? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच! एकशे सोळा नाही, पाच. ही वाट यूलरनेच पुढे मांडून ठेवली होती, मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य आली आणि मला तो पोरगा आठवला.

घरचे म्हणतात, मी हेकट झालोय. झालो असेन. फोनशी माझं भांडण नाही, पण आधी हाताने कर, मग फोन उघड. पाच भागाकारांना दुपार जाते, जाऊ दे.

आता तुझं काम. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. एवढ्यावरून, एकही लांब भागाकार न करता, भाग जातो हे दाखवता येतं. कसं ते मी सांगणार नाही. येत्या रविवारी कागद घेऊन ये. अडलीस तर अडलेला कागद आण, खाडाखोड तशीच राहू दे. एमएस्सीच्या फॉर्मचं आपण त्यानंतर बोलू.

तुझे सर