कूलंटचा टँक: हलवावा, बदलावा की आहे तसाच ठेवावा?

प्रश्न : माझी जुनी डिझेल ऑक्टाव्हिया अजूनही उत्तम चालते. गेले काही महिने सवडीने वायरिंग नीट बांधणे, गंजलेल्या क्लिपा बदलणे, आवरणे धुऊन काढणे अशी कामे करून मी बॉनेटखालचा भाग बराच नीटनेटका केला आहे. आता डोळ्यांत खुपतो तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पिवळा पडलेला गोल टँक. तो काढून ॲल्युमिनियमचा लहान, चपटा टँक करून घ्यावा आणि तो हेडलॅम्पच्या मागे, खालच्या बाजूला दिसणार नाही असा बसवावा, असा माझा बेत आहे. भोसरीतील एक फॅब्रिकेटर आर्गन वेल्डिंगने तो करून द्यायला तयार आहे. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपल्या बेतातील ॲल्युमिनियम जमण्यासारखे आहे, लहान आणि चपटा याचा फेरविचार करावा लागेल आणि खालच्या बाजूला हे मात्र मुळीच करू नये.

आपल्या गाडीच्या रेडिएटरला झाकण नाही, हे आपण पाहिलेच असेल. संपूर्ण कूलिंग सिस्टिमचे एकमेव झाकण त्या गोल टँकवर आहे. म्हणजेच तो जादा कूलंट साठवणारी बाटली नसून, इंजिन चालू असताना ज्यातून कूलंट सतत फिरते आणि ज्यात पूर्ण दाब असतो असा, सिस्टिमचाच एक भाग आहे. त्याला वरच्या बाजूने येणारी बारीक नळी कूलंटबरोबर हवेचे बुडबुडे घेऊन येते. टँकमध्ये प्रवाह मंदावल्यामुळे हवा वर राहते आणि बुडबुडे गेलेले कूलंट खालच्या जाड होजमधून वॉटर पंपाकडे परत जाते. हवा वेगळी व्हावी यासाठी टँकमधील कूलंटची पातळी सिस्टिमच्या इतर सर्व भागांपेक्षा वर असणे आवश्यक असते. कंपनीने तो इतक्या ठळक जागी ठेवला आहे, त्याचे कारण हेच आहे.

टँक खाली नेला, तर कूलंट भरताना ते टँकच्या पातळीच्या वर चढणार नाही आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्याच्या, वरच्या पोकळ्यांत व हीटरमध्ये हवा अडकून राहील. गॅरेजच्या भाषेत ज्याला एअर लॉक म्हणतात, तो हाच. त्यातला सर्वांत फसवा भाग असा, की तापमानाचा सेन्सर त्या हवेच्या पोकळीत आला तर डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा व्यवस्थित मध्यावर दिसत राहतो, आणि तेवढ्या वेळात हेडच्या एखाद्या भागात कूलंट उकळू लागलेले असते. शहरात हे कदाचित लक्षातही येणार नाही; पण मे महिन्यात, एसी चालू ठेवून, चार माणसांनिशी खंबाटकीचा चढ चढताना येईल. ॲल्युमिनियमचे हेड वाकले की हेड गॅस्केट आणि फेसिंग (हेडचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे) यांचा खर्च नव्या टँकच्या कित्येक पट असतो.

आता आकाराविषयी. कूलंट थंड स्थितीतून नव्वद अंशांपर्यंत तापले, की त्याचे आकारमान साधारण चार टक्क्यांनी वाढते. सिस्टिममध्ये सहा लिटर कूलंट असेल तर सुमारे पाव लिटर. एवढी वाढ सामावून वर हवेची थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे, कारण दाबाचा चढउतार ती हवाच झेलते. टँक लहान केला तर प्रत्येक वेळी गाडी तापल्यावर झाकणातून कूलंट बाहेर पडेल आणि काही दिवसांनी टँक रिकामा दिसेल.

चपटेपणाची अडचण वेगळी आहे. पंधरा बाय वीस सेंटिमीटरच्या सपाट पत्र्यावर एक बार (साधारण वातावरणाच्या दाबाइतका) दाब आला, तर त्या एका बाजूवर सुमारे ३०० किलोचा जोर पडतो, आणि आपल्या गाडीच्या झाकणाचा दाब एक बारपेक्षा बराच जास्त आहे. इंजिन तापते आणि निवते तसा पत्रा दर वेळी फुगतो आणि बसतो, आणि अखेरीस वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते. मूळ टँक गोल असण्याचे कारण आता वेगळे सांगायला नको. चपटाच हवा असेल तर आतून आडवे पडदे वेल्ड करून दोन्ही बाजू एकमेकींना बांधाव्या लागतील.

हे सर्व लक्षात घेऊनही आपण ॲल्युमिनियमचा टँक करणार असाल, तर तो मूळ जागीच आणि मूळ उंचीवर बसवा. नळ्यांची तोंडे, त्यांचे व्यास आणि त्यांची वर-खाली जागा जुन्या टँकप्रमाणेच ठेवा. टँकच्या तळाशी पातळीचा सेन्सर आहे. त्याची सोय केली नाही तर डॅशबोर्डवरील इशारा कायमचा लुकलुकत राहील. त्याची वायर शॉर्ट करून इशारा बंद करणारे मेकॅनिक भेटतात, पण तसे केले तर होज फुटल्याची पहिली सूचनाच आपण गमावून बसाल. ॲल्युमिनियममधून पातळी दिसत नाही, म्हणून बाजूला पारदर्शक नळी हवी. झाकण मूळ दाबाचेच हवे. तयार मिळणारी वेल्डिंगची तोंडे बहुधा जपानी धर्तीच्या झाकणांसाठी असतात आणि त्या झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा बारमधील दाबाचा आकडा कोरलेला असतो, तो आपल्या गाडीला पुरेसा नाही. बसवण्यापूर्वी टँक आतून स्वच्छ धुवावा, कारण वेल्डिंगचे कण पंपाच्या सीलमध्ये जातात. त्यानंतर तो पाण्याने काठोकाठ भरून, झाकणाच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यावा आणि पंपावरील दाबाचा काटा उतरतो का ते पाहावे. ही चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेने करू देऊ नका. जोड सुटला तर पाणी नुसते गळते, दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते. ब्रॅकेटखाली रबर घालावे, नाहीतर डिझेलच्या कंपनांनी टँक अडकवण्याचे कान तुटतात.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मी याच मापाचा नवा प्लास्टिकचा टँक नव्या झाकणासह आणीन. नाना पेठेत तो सहज मिळेल, मात्र नकली मालाचा जोड हलका असतो, म्हणून दोन अर्धगोल जिथे जोडलेले असतात ती कड बोट फिरवून पाहावी. ती सर्व बाजूंनी एकसारखी लागली पाहिजे. पांढराशुभ्र टँक, त्यात स्वच्छ कूलंट आणि भोवतीच्या होजना नव्या स्प्रिंग क्लिपा, एवढ्यानेही बॉनेटखालचे रूप पालटते.

प्रश्न : माझ्या मारुती ८०० मध्येही रेडिएटरशेजारी अशीच एक बाटली आहे. तीही हलवू नये का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपली गोष्ट निराळी आहे. आपल्या गाडीत दाबाचे झाकण रेडिएटरवर आहे आणि बाटली साधी, बिनदाबाची आहे. इंजिन तापले की झाकणातील स्प्रिंग दबून जादा कूलंट बारीक नळीने बाटलीत जाते, आणि इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये निर्माण होणारी पोकळी तेच कूलंट परत ओढून घेते. त्यामुळे बाटली थोडी खाली किंवा आड नेता येते, तिच्या जागी दुसरी बाटलीही चालते. मात्र ती उष्णता सोसणारी असावी. पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली तारेने बांधलेली गाडी आजही रस्त्यावर दिसते. ती बाटली गरम कूलंटने मऊ होते आणि एक्झॉस्टला टेकली तर वितळते.

खरी काळजी घ्यायची ती बारीक नळीची. तिचे टोक बाटलीच्या तळापाशी, कायम कूलंटमध्ये बुडालेले असले पाहिजे. टोक वर राहिले, किंवा नळीला कोठे बारीकशी चीर असली, तर परतीच्या वेळी कूलंटऐवजी हवा ओढली जाते. या दोषात खाली थेंबही पडत नाही. बाटली भरलेलीच दिसते आणि रेडिएटर मात्र हळूहळू रिकामा होत जातो. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी थंड इंजिनावर, रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. त्याच वेळी झाकण उलटे करून मधली लहान चकती नखाने ओढून बघावी. ती सहज उचलली जाऊन परत बसली पाहिजे. तिथे गंज साचला असेल तर झाकण बदलावे. पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. झाकणाने एक बारचा दाब राखला की तेच १२० अंशांच्या आसपास उकळते. फॅन सुरू होण्याच्या आणि पाणी उकळण्याच्या तापमानांत जे अंतर हवे, ते या झाकणामुळे मिळते.

प्रश्न : माझ्या गाडीतील कूलंटची बाटली आतून तपकिरी झाली आहे. ॲसिडने साफ करावी का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. बाटली काढून तीत कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मूठभर तांदूळ घालून जोरात हलवा, भरपूर पाण्याने धुवा आणि एकही दाणा आत राहिला नाही याची खात्री करा. तपकिरी थर गंजाचा असतो आणि तो पुन्हा येईल, कारण सिस्टिममध्ये बहुधा साधे पाणी, तेही बोअरवेलचे, भरलेले आहे. सिस्टिम फ्लश करून (पाण्याने आतून धुऊन) गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरवू नका. उन्हाने आणि उष्णतेने प्लास्टिकच पिवळे पडले असेल, तर ते कशानेही पांढरे होणार नाही. काढलेले जुने कूलंट पार्किंगमध्ये ओतू नका. त्यातील ग्लायकॉल गोडसर असते, सोसायटीतील कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून गॅरेजमध्ये नेऊन द्या.