बी भिजवून पेरावे का?

प्रश्न : कोरडवाहू हरभऱ्याची उगवण विरळ होते. बियाणे भिजवून पेरले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण घड्याळ लावून. 10 किलो बियाण्याला 20 लिटर साधे पाणी घ्या, रात्री भिजत घाला आणि 8 तासांनी निथळून काढा. मग गोणपाटावर, सावलीत पसरा. मूठभर दाणे हातात घेतले तर ते एकमेकांना चिकटता कामा नयेत. ओलसर दाणे तिफणीच्या चाड्यात (बी सोडायच्या वाडग्यात) अडकतात आणि तासात खाडे, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात! ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी), रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून पिकाला नत्र देणारे जिवाणू) यानंतरच चोळा. पेरणी त्याच दिवशी उरका.

भिजलेले बी लवकर उगवते. वरचा थर सुकण्याआधी मूळ खालच्या ओलीला पोचते. खरा फायदा हाच. रात्रभराचे दोन दिवस केलेत तर मात्र साल फुटते, डाळिंब्या सुटतात, मोड येतो आणि तो पेरताना मोडतो. जमिनीत ओलच नसेल तर भिजवण्याचा उपयोग नाही.

बुरशीनाशक लावलेले बियाणे भिजवू नका, औषध धुऊन जाते. आणि हा प्रयोग सोयाबीनवर अजिबात नको: त्याची साल फार नाजूक असते.