तपासणीत दुरुस्त्या निघाल्या, तरी ही जुनी बॉक्सस्टर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत २००२ ची पोर्शे बॉक्सस्टर एस बघितलीत. हाताच्या गिअरची, ७२ हजार मैल चाललेली, मालक १३ हजार डॉलर मागतोय. खरेदीआधीच्या तपासणीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेलाचा ओलावा दिसला. क्लच मूळचाच आहे आणि पेडल जड लागतं. एसी गार करत नाही, टायर जुने आहेत, पुढचा एक कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, ढिला आहे आणि छताची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडली आहे. आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग, कधी बदललं का, हे मालकाला सांगता येत नाही. एवढं सगळं निघाल्यावर नाद सोडावा का?

यादी लांब आहे एवढ्यावरून सोडू नका. मी याच पिढीची गाडी, म्हणजे ९८६, वापरते आणि ओळखीतले कुणी अशी गाडी घेताना तपासणीचा अहवाल मला दाखवतात. माझा हिशेब असा की दोष किती निघाले ते मोजू नये, गाडी किती ठिकाणी उघडावी लागणार ते मोजावं. या गाडीत सुटा भाग बऱ्याचदा परवडतो, तिथवर पोचायची मजुरी परवडत नाही. न्हाणीघराची फरशी एकदा फोडली की आपण नळ, पाइप, गळती सगळं एकदमच उरकून घेतो, तसंच इथे.

तुमच्या यादीतलं सगळ्यात मोठं काम गिअरबॉक्सपाशी आहे. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे. तो उतरवला की क्लच, फ्लायव्हील, क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील आणि आयएमएस बेअरिंग, चारही एकदम हाताशी येतात. तो ओलावा मागच्या सीलचा आहे की बेअरिंगच्या झाकणाचा, हे खालून बघून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. दोन्ही जागा इतक्या जवळ आहेत की तेल एकाच ठिकाणी उतरतं. पण त्याची चिंता कशाला? जड क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, त्यातच दोन्हींचा निकाल लागतो. म्हणजे अहवालात दोन ओळी आणि मालकाला ठाऊक नसलेली तिसरी गोष्ट, तिन्ही मिळून काम एकच.

आता त्या बेअरिंगबद्दल, कारण सगळ्यांची झोप तेच उडवतं. इंटरमीडिएट शाफ्ट क्रँकशाफ्टकडून फिरतो आणि साखळ्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सील थकलं की इंजिनातलं तेल आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग झिजायला लागतं. ते फुटलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या वर्षांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, नंतर एकेरी आलं. तुमची २००२ ची गाडी एकेरीतली. अमेरिकेत यावर सामूहिक खटला झाला आणि त्यातून एकेरी बेअरिंग निकामी होण्याचा ८ टक्क्यांच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. म्हणजे बहुतेक इंजिनांना काही झालं नाही, पण ज्यांना झालं त्यांची दुरुस्ती गाडीच्या किमतीवर गेली. खटल्यातल्या तडजोडीची भरपाई पहिल्या विक्रीपासून १० वर्षांपुरतीच होती, त्यामुळे तुम्हाला तिचा आधार नाही.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एक गोष्ट कराच. मालकाला सांगा, ऑइल आणि फिल्टर माझ्या खर्चाने बदलू. या इंजिनाचा फिल्टर कागदी घडीचा असतो, खालचं प्लास्टिकचं भांडं उघडलं की हातात येतो. घड्या पसरून उजेडात धरा, तळाशी राहिलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे चमकदार कण निघाले तर बोलणी तिथेच थांबवा, किंमत निम्मी केली तरी. नवं बेअरिंग बसवूनही काही साधत नाही, कारण तो चुरा तेलाबरोबर इंजिनभर फिरून आलेला असतो. तपकिरी किंवा काळ्या प्लास्टिकचे एखाददोन बारीक तुकडे दिसले तर साखळीच्या पट्ट्या झिजताहेत असं समजा आणि कॅमशाफ्टचं डेव्हिएशन, म्हणजे टायमिंग ठरल्या जागेपासून किती सरकलंय ते, मोजायला सांगा. मालक फिल्टर उघडू देत नसेल, तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

त्याच वेळी कॉम्प्युटर लावून ओव्हर-रेव्हची नोंद काढून घ्या. वेगात पाचव्यातून चुकून दुसऱ्यात टाकली तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं, आणि त्याचे ठसे किती, इंजिन चालल्याच्या कोणत्या तासाला, हे २००२ च्या गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये राहतं. बाहेरून बघून हे कळायचं नाही.

एसीचं काम पुढे, बंपरच्या आत. तिथे दोन बाजूंना रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर आहेत, एस मॉडेलला मधे तिसरा रेडिएटरही आहे. बंपरच्या तोंडातून पानगळीतली पानं आत जातात, कुजतात, ओली राहतात आणि कंडेन्सर खातात. टॉर्च मारून बघा, पानांचा थर दिसेल. गॅस भरून भागवू नका, गळती तशीच राहील. बंपर उतरवायचाच आहे तर कंडेन्सर बदला आणि रेडिएटरही साफ करून घ्या.

टायर आणि कंट्रोल आर्म हे तिसरं काम, आणि त्यात क्रम महत्त्वाचा: आधी आर्म, मग टायर, शेवटी अलाइनमेंट. उलट केलंत तर नवे टायर आतल्या कडेने झिजतील. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी या गाडीवर ठेवत नाही.

खिडकीचं सध्या सोडा, ती हौस आहे. छताचं कापड जाईल तेव्हा काचेची खिडकी असलेलं छत बसवता येईल. तोवर कडाक्याच्या थंडीत छत खाली पाडू नका, प्लास्टिक तडकतं.

तुमच्या अहवालात नसलेल्या दोन गोष्टी मात्र स्वतः बघा. ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा दाबून बघा. छताच्या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा तुंबल्या की पाणी तिथे साचतं, आणि चावी ओळखणारं कंट्रोल युनिट नेमकं त्याच सीटखाली आहे. ओल लागली तर तो खर्च वेगळा. मागच्या डिकीतलाही गालिचा उचला, कूलंटची टाकी तिथेच असते आणि तडे गेले की गोडसर वास येतो. इंजिन चालू असताना तिथलंच ऑइलचं झाकण सैल करून बघा. ते जोरात आत खेचलं गेलं तर एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या हवेतून तेल वेगळं करणारा भाग, जायला आलाय.

आता पैसे. माझ्या भागातल्या चांगल्या स्वतंत्र वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सचं ते काम क्लच, सील आणि बेअरिंग धरून चार हजारांच्या आसपास जातं, फ्लायव्हीलही गेलं असेल तर आणखी. पुढचं काम आणि टायर-आर्म मिळून दोन-अडीच हजार धरा. म्हणजे गाडी खरी पडते १९ हजारांच्या पुढे. सगळा खर्च मालकाच्या माथी मारता येणार नाही, ७२ हजार मैलांना क्लच झिजणारच. पण बेअरिंगचा कागद नाही, हा धोका तुम्ही विकत घेताय, त्याची किंमत मागायला संकोच करू नका. फिल्टर स्वच्छ निघाला तर मी १० हजारांनी बोलणी सुरू करीन आणि साडेदहाच्या वर जाणार नाही. त्यात जमलं तर घ्या, आणि पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्सचं काम करून टाका, दोन हिवाळे ढकलू नका.

जमलं नाही तर याच वर्षांची, बेअरिंग आणि क्लच बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी शोधा आणि तिला दोन-तीन हजार जास्त खुशाल द्या. तिच्यावर ९५ हजार मैल असले तरी चालतील. कमी चाललेली गाडी चांगली, हा आपल्या डोक्यात बसलेला हिशेब या इंजिनाला लागू पडत नाही. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये उभ्या गाडीची रबरी सीलं सुकतात, तेलात ओल जमते. नियमित चाललेली, दरवर्षी तेल बदललेली गाडी मला केव्हाही जास्त भरवशाची वाटते. पावती बघताना मैल, तारीख आणि बसवलेल्या बेअरिंगचा प्रकार ही तीन नोंदी आहेत का ते तपासा. नुसतं 'आयएमएस केलं' एवढंच लिहिलं असेल तर त्या वर्कशॉपला फोन करून विचारा.