लागण, संसर्ग, प्रादुर्भाव आणि बाधा

प्रश्न असा आहे: टायफॉइडची 'लागण' होते, पण डाळिंबावर तेल्याचा 'प्रादुर्भाव' होतो. दोन्ही रोग जिवाणूंचेच, मग शब्द वेगळे का? अदलाबदल केली तर चालेल का?

बोलताना चालून जातं. लिहिताना मी तरी करणार नाही.

'प्रादुर्भाव' म्हणजे मुळात प्रकट होणं, दिसू लागणं. तेल्याला तो चपखल बसतो, कारण बागायतदाराला पत्ता लागतो तोच डाग दिसल्यावर. तोवर आत बरंच घडून गेलेलं असतं. तेल्या ज्याच्यामुळे होतो तो झँथोमोनास हा जिवाणू पानाची साल स्वतः भेदू शकत नाही. उडालेल्या पावसाच्या थेंबाबरोबर तो पानावर येतो आणि पर्णरंध्रांतून नाहीतर एखाद्या जखमेतून आत शिरतो. छाटणीची कात्री निर्जंतुक न करता या झाडावरून त्या झाडावर फिरवली की त्याचं आयतंच फावतं. मग तो पेशींच्या फटींत वाढतो, पानावर तेलकट ओले डाग उमटतात, फळं काळवंडून तडकतात. शिरला तो संसर्ग, दिसला तो प्रादुर्भाव.

माणसातही हा फरक राहतोच. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जिवाणू होते आणि तिच्या हातचं खाणारे आजारी पडत होते. १९०७ मध्ये तिला सक्तीनं वेगळं ठेवलं गेलं. तिला संसर्ग होता, ताप नव्हता.

'लागण'ची अडचण निराळीच. कोल्हापूर-सांगलीकडे 'उसाची लागण झाली' म्हणजे ऊस लावून झाला! 'उसाला लागण झाली' म्हटलं तर मात्र रोग. शेतीविषयक लेखनात 'प्रादुर्भाव' रुळला त्याला हेही एक कारण असावं, असा आपला माझा अंदाज.

'बाधा'ला उगाच भुताखेतांशी जोडून बाजूला टाकू नये. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू बाहेर राहिलेल्या बासुंदीत वाढतो आणि तिथेच विष सोडतो. बासुंदी पुन्हा उकळली तर जिवाणू मरतात, विष मात्र टिकतं आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. इथे संसर्ग झालेलाच नाही, म्हणून 'विषबाधा' हाच नेमका शब्द. कॉलऱ्यात, म्हणजे जुन्या पटकीत, दोन्ही असतं: जिवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटून वाढतो आणि शरीरातलं पाणी ओढून काढतं ते त्याचं विष. हे विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं.

जाता जाता, 'धनुर्वाताची लागण' कुठे वाचलं की मला खटकतं. लागण म्हटलं की ती कुणाकडून तरी झालेली असते. धनुर्वाताचे जिवाणू मातीतून जखमेत जातात, माणसाकडून माणसाला नाही. धनुर्वात नुसता 'होतो'.