दीर्घिका वेगळ्या दिसत नसतील, तर नकाशा कशाचा?

प्रश्न : एकेक दीर्घिका वेगळी न पाहता अनेक दीर्घिकांच्या एकत्रित प्रकाशावरून विश्वाच्या रचनेचा अभ्यास करतात, असे वाचनात आले. मग तो नकाशा नेमका कशाचा असतो, आणि त्यात अंतर कसे कळते?

उत्तर : हा नकाशा तेजाच्या चढउतारांचा असतो. दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू 21 सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे 1,420 मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडतो. दूरच्या एकट्या दीर्घिकेकडून येणारी ही लहर फारच क्षीण असते. मात्र आकाशाच्या एका तुकड्यातल्या अनेक दीर्घिकांची बेरीज मोजता येते आणि जिथे दाटी अधिक, तिथे ती किंचित जास्त भरते. आरंभीच्या विश्वातल्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या मांडणीत सोडलेला जो ठसा शोधायचा, तो सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षांच्या अंतराचा असल्यामुळे चित्र धूसर असले तरी काही बिघडत नाही.

अंतराचे काम वारंवारताच करते. विश्वाच्या प्रसरणामुळे लहर वाटेत ताणली जाते. 710 मेगाहर्ट्झला सापडलेली लहर दुप्पट ताणलेली, म्हणजे साधारण 780 कोटी वर्षांपूर्वी निघालेली असते. वारंवारता बदलत गेलो की खोलीचे थर एकापाठोपाठ एक हाती येतात.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. आपल्याच आकाशगंगेतले, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन याहून हजारो पटींनी प्रबळ रेडिओलहरी सोडतात. त्यांची तीव्रता वारंवारतेनुसार संथपणे बदलते, तर हायड्रोजनची थराथराला खालीवर होते. आकाशगंगेच्या लहरींची वजाबाकी या फरकावरच उभी आहे. परंतु उपकरणाच्या प्रतिसादात जरा असमानता असली, तरी खोटे चढउतार उमटतात. म्हणूनच कॅनडातल्या चाइम दुर्बिणीच्या गटाने 2022 मध्ये आपली नोंद जाहीर केली, ती प्रकाशीय दुर्बिणींनी आधीच नोंदवलेल्या दीर्घिकांच्या स्थानांशी ताडून. या दुर्बिणीचे 100 मीटर लांबीचे चार अर्धनळाकार परावर्तक जागचे हलत नाहीत. पृथ्वी फिरते तसे आकाशच त्यांच्यावरून सरकत जाते.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 2020 मध्ये केलेले काम याच्या जवळचे असले, तरी हे नव्हे. तिथे 7,653 दीर्घिकांची स्थाने आधीच ठाऊक होती. त्या ठिकाणच्या लहरी एकमेकींवर रचून सरासरी काढली गेली. त्यातून एका दीर्घिकेत सरासरी किती हायड्रोजन होता हे कळले. दीर्घिकांच्या मांडणीचा नकाशा हा त्या कामाचा उद्देशच नव्हता.