सूर्यप्रकाश पोहोचत नाही इतक्या खोल समुद्रात प्रवाळ जगतं का? आपल्याकडे आहे का?

जगतं, आणि काही जातींत हजारो वर्षं जगतं. साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकवताना मलाही हे वर्गात विचारलं जातं, कारण आपल्याला ठाऊक असलेलं प्रवाळ लक्षद्वीपचं: उथळ कोमट पाणी, पेशींत राहून उन्हावर अन्न तयार करणारं शैवाल. खंडाची उथळ किनार संपून तळ उतरू लागतो तिथं, साधारण 200 ते 1000 मीटरवर, या शैवालाशिवायची प्रवाळं असतात. पाणी 4 ते 12 अंश. वरून झिरपणारे मेलेल्या प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, कण आणि प्रवाहासोबत येणारे बारीक जीव ती तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या शुंडकांनी पकडतात. म्हणूनच ती बहुधा प्रवाह जोरात वाहतो अशा उंचवट्यांवर आणि कड्यांवर वाढतात.

नॉर्वेजवळची रोस्ट भित्ती, म्हणजे प्रवाळांनी बांधलेली रांग, 2002 साली सापडली, लांबी सुमारे 35 किलोमीटर. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडच्या ब्लेक पठारावर तर जवळजवळ 500 किलोमीटर लांब आणि 110 किलोमीटर रुंद प्रवाळक्षेत्राचा नकाशा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर त्याचा एवढा पसारा कुणाला कळला नव्हता! या फांद्यांच्या आडोशाला मासे, खेकडे, स्पंज, तारामासे राहतात.

नाजूकपणाचं कारण वाढीचा वेग. भित्ती बांधणारी प्रवाळं वर्षाला काही मिलिमीटर ते दोनेक सेंटीमीटर वाढतात. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचं वय 4,265 वर्षं निघालं. तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं असं काही एका फेरीत मोडतं. नॉर्वेनं 1999 मध्ये सुला भित्तीवर अशी मासेमारी बंद केली, युरोपीय संघानं 2016 मध्ये 800 मीटरच्या खाली. मला हाच क्रम योग्य वाटतो: आधी जाळी थांबवा, मग निवांत मोजा.

आपल्याकडे अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरच्या थरात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे तिथं नॉर्वेसारख्या भित्तींची अपेक्षा मी ठेवत नाही. पण विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे. हे बुडालेलं पठार, माथा 20 मीटरच्या आसपास, म्हणजे प्रवाळ उन्हातलंच. नाव कान्होजी आंग्रे यांचं, ज्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी कायम केलं. राज्याची सागरी हद्द 12 सागरी मैलांवर संपते, म्हणून या जागेला संरक्षण द्यायचं तर ते केंद्रालाच द्यावं लागेल. ते लवकर मिळावं असं मला मनापासून वाटतं.