फूल, दोन पानं आणि खोडलेलं दमण

प्रश्न : जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा परत द्यायचा का, लडाखचं काय, पुद्दुचेरीचं काय, यावर प्रत्येक पक्ष आपलंच गणित मांडतो. विरोधात असताना मागणी, सत्तेत आल्यावर मौन. राजकारण निवेपर्यंत अशा प्रदेशांना राज्य देऊच नये, असं मला वाटतं. तुम्ही गोव्याचे. 1987 मध्ये गोव्याला राज्य मिळालं, तो पक्षाचाच डाव नव्हता का? आणि 1967 च्या कौलात तुमच्या घरचं मत काय होतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. आमचं घर फुलाचं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात कौल झाला तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवार नव्हते, नुसती दोन चिन्हं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. मी तेरा वर्षांचा, डिचोलीजवळच्या गावातला. बाबा मराठी शाळेत मास्तर. फुलावाचून त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पडवीच्या भिंतीवर मी चुन्यात नीळ कालवून पाच पाकळ्यांचं फूल काढलं होतं आणि त्यातली एक पाकळी ओघळून थेट पायरीपर्यंत आली होती. निकाल लागला : पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. फूल चवथीला भिंत सारवेपर्यंत तसंच होतं.

आता तुमचा मुद्दा. तो कौल काय राजकारण निवल्यावर झाला? छे. विधानसभेत विलीनीकरणवाल्यांचं बहुमत, म्हणून मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला निर्णय विधानसभेतच हवा होता. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला तिथे हार दिसत होती, म्हणून त्यांना थेट लोकांकडे जायचं होतं. दोघांनाही तत्त्व सापडलं ते डोकी मोजून झाल्यावर. पण त्या ओढाताणीतून लोकांना विचारलं तरी गेलं. कौलावर सरकारची छाया नको म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला.

खरी गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या गोवेकरांनी विलीनीकरण नाकारलं होतं त्यांनीच विलीनीकरणवाल्या मगो पक्षाला 30 पैकी 16 जागा दिल्या. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. तेव्हा बाबांना हे कोडं वाटलं होतं, मला आता वाटत नाही. सरकार कोणाचं हवं हा एक प्रश्न आणि आपल्या मुलखाचं काय करायचं हा दुसरा, हे भाटात, म्हणजे बागायतीत, राबणाऱ्या माणसाला कळत होतं. पुढाऱ्यांनी मारलेली गाठ मतदाराने सोडवली. राजकारण निवायची वाट बघत बसलो असतो तर ती सोडवायची संधीच त्याला मिळाली नसती.

1987 मध्ये डाव होता का? होता की. दिल्लीत काँग्रेस, पणजीत काँग्रेस. कोकणी-मराठीच्या वादात 1986 च्या डिसेंबरात रक्त सांडलं, 4 फेब्रुवारी 1987 ला कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला आणि 30 मे रोजी राज्य. (त्या कायद्यात मराठीला मिळालेली जागा मला तेव्हाही ओसरीवरची वाटली, आजही वाटते. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर पत्रं नकोत.) डाव फळला का, तेही बघा. वाढलेल्या 40 जागांसाठी 1989 मध्ये पहिली निवडणूक झाली, काँग्रेसला 20 जागा मिळाल्या आणि काही महिन्यांतच सरकार पडलं. पुढच्या दहा वर्षांत किती शपथविधी झाले ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. मुलूख कायमचा आपल्या खिशात येईल या हिशेबाने राज्य देणाऱ्यांचे खिसे बहुधा फाटकेच निघतात.

मी तेव्हा पणजीच्या सचिवालयात, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात, कारकून होतो. वरवर काही बदललं नाही. नायब राज्यपाल गोपाल सिंग होते, तेच राज्यपाल झाले. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री होते, तेच राहिले. बदल झाला तो आमच्या फायलींच्या वाटेत. केंद्रशासित प्रदेशाचा अर्थसंकल्प विधानसभेत मांडण्याआधी राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी लागते, म्हणजे व्यवहारात दिल्लीतल्या मंत्रालयाची. लोकांनी निवडलेल्या सरकारने आपल्याच विधानसभेपुढे हिशेब ठेवायचा, तर आधी परक्याला विचारायचं! दरवर्षी आम्ही कारकून दिल्लीच्या होकाराची वाट बघत टेलेक्सच्या खोलीबाहेर घुटमळायचो. राज्य झालं आणि ते थांबलं.

पुद्दुचेरीत ते आजही चालू आहे. तिथल्या विधानसभेत 30 निवडून आलेले आणि 3 केंद्राने नेमलेले सदस्य असतात. 2016 च्या निवडणुकीत भाजपला तिथे एकही जागा मिळाली नव्हती. 2017 मध्ये केंद्राने नेमलेले तिघेही भाजपचे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ही नेमणूक वैध ठरवली, त्यांना मतदानाचा हक्कही आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये नारायणसामींचं काँग्रेस सरकार पडलं तेव्हाही केंद्राने नेमलेले सदस्य सभागृहात होते. हे सगळं कायद्याला धरूनच झालं, माझी तक्रार त्या कायद्याबद्दलच आहे. राज्य न देण्यातही पक्षाची सोय असते ती अशी. तुमच्या ‘निवेपर्यंत थांबा’मध्ये ज्याच्या हातात आज किल्ल्या आहेत त्याचाच फायदा आहे, मग तो पक्ष कुठलाही असो.

जम्मू-काश्मीर आणि लडाखचा प्रश्न त्याहून अवघड आहे. तिथे असलेलं राज्य काढून घेतलं आणि 2019 मध्ये ते केलं तेव्हा विधानसभा बरखास्त होती, म्हणजे विचारायला कोणी जागेवरच नव्हतं. लेहमध्ये तेव्हा पेढे वाटले गेले. पण जुन्या विधानसभेत लडाखचे चार आमदार होते, आज विधानसभाच नाही. पेढे वाटणारेच पुढे राज्य मागायला रस्त्यावर आले. सीमेवरच्या मुलखात केंद्राने काही गोष्टी हातात ठेवाव्यात हे मला पटतं. 2024 मध्ये श्रीनगरला लोकांनी सरकार निवडलं आणि पोलीस मात्र नायब राज्यपालांकडेच राहिले, हे नाही पटत. तेव्हा माझं उत्तर : द्यावं, राजकारणासकट द्यावं, पण त्या मुलखातल्या माणसाला विचारून.

आणि हो, आमच्या 1987 लाही मी पूर्ण गुण देत नाही. नवे कागद छापून येईपर्यंत जुनेच वापरायचे होते. ‘गोवा, दमण आणि दीव’ यातली शेवटची नावं मी पट्टी धरून लाल शाईने खोडत बसलो होतो, गठ्ठ्यामागून गठ्ठा. शेजारच्या टेबलावर दमणचा एक सहकारी बसायचा. 1967 मध्ये गुजरातेत जायचं का, हे दमण-दीवच्या लोकांना वेगळं विचारलं होतं. वीस वर्षांनी त्यांना गोव्यापासून वेगळं करताना कोणी विचारलं नाही. गोव्याच्या विधानसभेत दमणचा एक आमदार असायचा, तोही गेला. तो सहकारी माझं काम बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “रेघ जरा सरळ मार रे, आमचं नाव आहे ते.”